बाई, लेवीयला गाडी अडकते

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की घरी एकट्यानं बायबल वाचायला बसलं की तुमचं नेमकं कुठे अडतं ते कळवा, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून एवढं आलंय की नातू म्हणाला आजी आता फोन हँग होणार. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, त्यातली आठ घेतलीत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

श्रीरामपूरहून एक भगिनी लिहितात: बाई, सलाम. मी पतसंस्थेत कामाला आहे, वय ४१. दरवर्षी १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करते, वर्षात बायबल पूर्ण असा तक्ता आमच्या मंडळीत वाटतात. उत्पत्ती मस्त जातं, योसेफाच्या गोष्टीत तर पुस्तक खाली ठेववत नाही, निर्गम तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत ठीक, मग त्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू झाली की डोळे मिटायला लागतात आणि तिसऱ्या पुस्तकाला, लेवीयला, गाडी अडकते ती अडकतेच. यंदा सातवं वर्ष. माझ्यात भक्तीच कमी आहे का?

भक्ती बिक्ती काही कमी नाहीये तुमच्यात, सात वर्षं त्याच खड्ड्यात जाऊन दर जानेवारीला पुन्हा गाडी काढणाऱ्या बाईला भक्ती कमी म्हणायचं म्हणजे कमालच झाली. घोळ तक्त्याचा आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनाच्या वर अध्याय झाले पाहिजेत, आणि पतसंस्थेतून घरी येऊन स्वयंपाक आवरून रात्री साडेदहाला तीन अध्याय म्हणजे ते वाचन राहत नाही, हप्ता फेडणं होतं. तक्ता ज्यांना जमतो त्यांनी जरूर पाळावा, मी दोनदा पूर्ण केलाय. पण तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की तुम्हाला "अभ्यास" करायचाय, मग एक लहान पुस्तक घ्या आणि महिनाभर त्याच्यातच राहा.

मी रूथ सांगीन. चारच अध्याय आहेत, ८५ वचनं, एका बैठकीत वीस मिनिटांत होतं. पहिल्या दिवशी नुसतं गोष्टीसारखं वाचून काढा, पेन हातात घेऊच नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण. तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही काढा आणि डाव्या पानावर फक्त काय लिहिलंय ते आणि उजव्या पानावर मला काय कळलं नाही ते, एवढंच लिहीत जा. "यातून देव मला काय सांगतो" हे लगेच लिहायचं नाही, हात शिवशिवेल पण थांबा, आपल्याला लहानपणापासून उपदेश ऐकायची सवय असल्यामुळे आपण गोष्ट संपायच्या आधीच तात्पर्याला धावतो.

डाव्या पानावर काय येईल ते थोडं दाखवते. गोष्टीची सुरुवात दुष्काळानं, आणि दुष्काळ कुठे तर बेथलेहेमात. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरात भाकर नाही म्हणून नामी आणि तिचा नवरा मवाब या परक्या देशात जातात, तिथे नवरा जातो, मग दोन्ही मुलं जातात, आणि ती सुनेला, रूथला, घेऊन परत येते आणि गावच्या बायकांना म्हणते की जाताना मी भरलेली गेले, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. हा "रिकामी" शब्द अधोरेखित करून ठेवा. मग तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी या, शेताचा मालक बवाज रूथच्या पदरात सातू मापून घालतो आणि काय सांगतो, सासूकडे रिकाम्या हातानं जाऊ नको. हिब्रूतही दोन्हीकडे तोच शब्द आहे. लिहिणाऱ्यानं कुठे सांगितलंय का की बघा हं, मी आता सुरुवातीचा धागा पकडलाय? नाही. ते तुम्हाला दिसायला पाहिजे, आणि तीन अध्याय पळत वाचणाऱ्याला ते दिसत नाही.

आणखी एक. रूथला "मवाबी" किती वेळा म्हटलंय मोजा. नुसतं रूथ म्हणून चाललं असतं तिथेही मवाबी रूथ, मवाबी रूथ. गावात परकी सून आली की वीस वर्षं झाली तरी "ती अमक्या गावची" असंच म्हणतात ना, तसं. आणि मग ४:१३ ला बवाज तिच्याशी लग्न करतो तिथे नुसतं रूथ. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि त्याआधी रूथवर निदान दहा वेळा संडे स्कूलचे धडे घेतले होते, सांगायला लाज वाटते पण खरं आहे.

आता उजवं पान. दुसऱ्या अध्यायात रूथ सरळ उठून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, कशी काय जाते, कुणी हाकलत का नाही? सरवा म्हणजे काय हे आपल्या नगरकडच्यांना (अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं) सांगायला नको, भुईमूग काढून झाला की मागे राहिलेल्या शेंगा वेचायला आम्ही पोरं आजीबरोबर खुरपं घेऊन जायचो. काही मालक बांधावरूनच शिव्या घालायचे, आणि एक होते ते आम्ही आलो की पाठ करून उभे राहायचे, मग बिनधास्त वेचायचं. मराठी बायबलात तोच शब्द आहे, सरवा. तर हा प्रश्न वहीत लिहा आणि मग तुमच्या बायबलात वचनांच्या खाली नाहीतर बाजूला बारीक अक्षरात संदर्भ दिलेले असतात ते बघा. ते तुम्हाला कुठे नेतील माहितीये? लेवीय १९:९-१०. शेताचे कोपरे अगदी साफ कापू नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती, तो तिचा नियमातला हक्क होता, आणि बवाज तर त्याच्याही पुढे जाऊन गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं उपसून टाका आणि तिला बोलू नका. मला तो पाठ करून उभा राहणारा मालक आठवतो.

बघा, गाडी लेवीयला पोचली की नाही? आणि आता तिथे कंटाळा येणार नाही कारण तुमच्याकडे प्रश्न आहे. तिथेच थोडं खाली, १९:१८ ला, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे वाक्य आहे, जे आपण सगळे येशूचं म्हणून पाठ म्हणतो, तो लेवीयमधूनच सांगत होता. मग चौथ्या अध्यायातली ती जोडा काढून द्यायची भानगड काय हे शोधायला अनुवाद २५ ला जा आणि जमिनीचं काय चाललंय ते बघायला परत लेवीय २५ ला. एक गंमत शेवटी सांगते, ज्या जवळच्या नातेवाइकाचा ती जमीन सोडवायचा पहिला हक्क होता आणि जो "माझ्या वतनाचं नुकसान होईल" म्हणून मागे सरला त्याचं नाव मूळ हिब्रूत दिलेलंच नाहीये, बवाज त्याला हाक मारतो ती "अमक्या तमक्या" अशा अर्थाची. वतन सांभाळायला गेला आणि नावच राहिलं नाही. हे उपदेशात ऐकलंय कधी? मी नाही ऐकलं.

रूथनंतर मार्कचं शुभवर्तमान घ्या. तक्ता दोन वर्षं कपाटात राहू दे.

नाशिकहून, नर्स: आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकानं वचनाची चिठ्ठी उचलायची असते. मला यिर्मया २९:११ आलं, देवाच्या मनात माझ्याविषयी हिताचे संकल्प आहेत. मी समजले यंदा गावाकडे बदली होणार. ऑगस्ट उजाडला, काही नाही. मी वचनाचा अभ्यास चुकीचा करतेय का?

चिठ्ठीवर जागा कमी असते हो, काय करणार. ते वचन एका पत्रातलं आहे. खरोखरचं पत्र, यिर्मयानं यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पाठवलेलं, इ.स.पू. ५९७ मध्ये ज्यांना धरून नेलं होतं त्या लोकांना. तुम्ही घरी २८ वा अध्याय आणि २९ वा असे दोन्ही सलग वाचा. २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार, लोकांना किती बरं वाटलं असेल, आपल्यालाही असेच संदेष्टे आवडतात. आणि यिर्मया पत्रात काय लिहितो, घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं बरं व्हावं म्हणून प्रार्थना करा. म्हणजे थोडक्यात सामान सोडा, मुक्काम मोठा आहे. किती मोठा? दहावं वचन, ७० वर्षं. आणि त्याच्या लगेच पुढे तुमचं अकरावं. म्हणजे ज्यानं ते पत्र चाळिसाव्या वर्षी ऐकलं असेल तो काही परत जाणार नव्हता, त्याची नातवंडं जाणार होती, आणि त्याला सांगितलं जातंय की संकल्प हिताचेच आहेत.

आणि त्यातलं "तुमच्याविषयी" हे आदरार्थी नाहीये बरं का, अनेकवचन आहे, अख्ख्या लोकांना उद्देशून.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल बाईंनी माझं वचनच काढून घेतलं. तसं नाही. बदलीबद्दल मला काही सांगता येत नाही, ते खात्यालाच माहीत. पण नाशिकमध्ये तुम्ही "इथे काय, जायचंच आहे" म्हणून आठ महिने पेट्या न उघडता राहताय असं तुमच्या पत्रावरून वाटतंय (शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही असं लिहिलंय तुम्ही), तर सातवं वचन तुमच्यासाठी चिठ्ठीपेक्षा जास्त नेमकं आहे. आणि पुढच्या ३१ डिसेंबरला चिठ्ठी आली की त्याच रात्री तो पूर्ण अध्याय आणि त्याच्या आधीचा एक, एवढं वाचायचं. कुठलंही वचन असो.

पिंपरीहून एक वडील: मुलगी बारावीला, इंग्रजी माध्यम. म्हणते मराठी बायबल म्हणजे आजीची भाषा, मी इंग्लिशच वाचणार. मलाही खरं सांगायचं तर नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त वगैरे आलं की अडखळायला होतं. कुठलं बायबल घ्यावं?

मुलगी अगदीच चूक नाहीये. आपल्या बायबलात मत्तय अजून जकातनाक्यावर बसलेला आहे, आणि जकात बंद होऊन किती वर्षं झाली, तिच्या पिढीला नाका म्हणजे फक्त रिक्षा स्टॉप. पण मी म्हणीन दोन्ही ठेवा, आणि मराठी टाकू नका, त्याला एक अगदी व्यवहारातलं कारण आहे. आताच वर लिहिलं ना अनेकवचनाचं, ते आजच्या इंग्रजीत दिसतच नाही, एकाला पण यू आणि शंभर जणांना पण यू. तिला लूक २२:३१-३२ दोन्हीत काढायला सांगा. येशू पेत्राला (शिमोन हे त्याचंच नाव) म्हणतो, शिमोना, सैतानानं "तुम्हांला" गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी "तुझ्यासाठी" विनंती केली आहे. चाळणीत सगळे शिष्य, आणि प्रार्थना त्या एकासाठी, जो थोड्या वेळानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणणार आहे. मराठीत हे पहिल्याच वाचनात कळतं, इंग्रजीत तळटीप बघावी लागते. गहू चाळणं पण तिला दाखवा एकदा, पॅकेटचा आटा आणणाऱ्या घरात ते कुठून कळणार.

कुठलं घ्यावं म्हणाल तर रोजच्या अभ्यासाला बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, संदर्भ दिलेली आवृत्ती, कारण मंडळीत तेच वाचतात. अडलं की बाजूला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल, त्याची भाषा आजची आहे. आणि जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुठे मिळालं तर बघून ठेवा. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, का तर आश्रमातल्या खेड्यापाड्याच्या बायकांना कळलं पाहिजे. १९२२ ला गेल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या. तुमच्या मुलीला हे सांगा, आजीची भाषा अवघड वाटणारी ती पहिली नाहीये, शंभर वर्षांपूर्वी एका बाईला पण तेच वाटलं होतं आणि तिनं काय केलं बघ म्हणावं.

दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतात तिथे घाबरायचं नाही, तिथे मूळात काहीतरी अवघड आहे एवढं समजायचं आणि उजव्या पानावर लिहायचं.

वसईहून, कॅथलिक वाचक: तुमचं सदर आमच्याकडेही वाचतात. माझ्या मैत्रिणीच्या बायबलात तोबीत, मक्काबी ही पुस्तकं नाहीतच, माझ्याकडे आहेत. आम्ही दोघींनी एकत्र अभ्यास करायचं ठरवलंय तर चालेल का?

चालेल का काय, धावेल. तुमच्याकडे ७३ पुस्तकं, तिच्याकडे ६६, फरक सगळा जुन्या करारात, नवा करार दोघींचा २७ पुस्तकांचा सारखाच. सुरुवात तिथून करा. आणि तुमच्याकडे एक तयार सोय आहे जी आम्हाला नाही, निदान आमच्या मंडळीत तरी नाही. रविवारच्या मिस्साची, म्हणजे तुमच्या उपासनेची, वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधेमधे. १९६९ ला हे नवं चक्र आलं. तर गुरुवारी संध्याकाळी दोघींनी बसून येत्या रविवारचा उतारा काढायचा आणि त्याच्या आधीचा नि नंतरचा अध्याय वाचायचा. रविवारी फादर काय बोलतात ते मग वेगळंच ऐकू येतं. मैत्रिणीला मक्काबी वाचायला द्या जरूर, योहान १०:२२ मध्ये तो हिवाळ्यातला पुनःस्थापनेचा सण अचानक कुठून आला ते तिला तिथे सापडेल.

जालन्याहून, वय २३: आमचे पाळकसाहेब म्हणतात स्वतः वाचून अर्थ लावू नको भरकटशील. माझा मित्र म्हणतो पवित्र आत्मा शिकवतो, माणसाची गरज नाही. मी कुणाचं ऐकू?

दोघांचंही थोडं थोडं. प्रेषितांची कृत्ये यात दोन माणसं भेटतात ती बघ. आठव्या अध्यायात कूशी राणीचा खजिनदार, रथात बसून यशया मोठ्यानं वाचतोय, फिलिप्प धावत जाऊन विचारतो वाचतोस ते कळतंय का, तर तो एवढा मोठा अधिकारी पण सरळ म्हणतो की कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार, ये वर बस. हे मित्राला दाखव. मग सतराव्यात बिरुयाचे लोक, पौल स्वतः येऊन शिकवतोय, साक्षात पौल, तरी हे घरी जाऊन रोज शास्त्रात शोधतात की हा म्हणतो ते खरंच तसं आहे का, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, त्यांचं कौतुकच करतो. हे पाळकसाहेबांना दाखव, पण जरा बेतानं.

माझाच किस्सा सांगते. नाताळच्या नाटकाची तालीम, मी तीन पोरांना मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, केलेलं, दाढ्या चिकटवतेय, आणि तिसरीतला एक पोरगा, ज्याला काहीच काम मिळालेलं नव्हतं, विचारतो बाई तीनच कशाला, चौथा मी. मी म्हटलं अरे बायबलात तीन आहेत. म्हणाला कुठे? मी मत्तय २ उघडला आणि वाचतच बसले. आकडाच नाहीये तिथे. देणग्या तीन आहेत, सोनं, ऊद, गंधरस, त्यावरून आपण माणसं तीन केली. गोठा पण नाहीये तिथे, ते घरात येतात असं लिहिलंय. तीस वर्षं नाटक बसवणारी मी! त्या वर्षी मागी चार झाले, चौथ्यानं काय द्यायचं म्हणून आम्ही त्याला नुसता कंदील दिला.

तर आधी स्वतः वाचायचं, वहीत लिहायचं, आणि टीकाग्रंथ, यूट्यूब, गूगल हे सगळं त्याच्या नंतर, नाहीतर दुसऱ्यानं चघळलेलंच आपण खातो. आणि पाळकसाहेबांकडे जाताना वहीचं उजवं पान घेऊन जा, म्हणजे तुझे प्रश्न, तुझे शोध नाही. माझा अनुभव असा की प्रश्न घेऊन आलेला पोरगा कुठल्याही पाळकाला आवडतो, शोध लावून आलेला नाही आवडत. एखादा अर्थ अख्ख्या मंडळीत फक्त तुलाच सुचलाय असं वाटलं तर आठ दिवस थांब, बहुतेक वेळा आपणच वचन अर्धं वाचलेलं असतं. आणि वचनांचे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत हे पण लक्षात ठेव, अध्याय पाडले तेराव्या शतकात आणि नव्या कराराला आज आहेत ते वचनांचे आकडे १५५१ ला रॉबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छपाईवाल्यानं दिले. त्यामुळे वचन संपलं म्हणून वाक्य संपलं असं नसतं, पुढे वाचत राहायचं.

सांगलीहून, निवृत्त प्राध्यापक: मी ख्रिस्ती नाही, व्हायचंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तीनदा वाचली, त्यामुळे हे पुस्तक काय आहे याची उत्सुकता आहे. घरात कीर्तन, ज्ञानेश्वरी असं वातावरण. कुठून शिरावं?

सर, बिनधास्त या, दारात कुणी बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन उभं नाहीये. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याला, ना. वा. टिळकांना, तर नवा करार रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाकडून मिळाला होता आणि ते अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी, मत्तय ५ ते ७, तर तुम्ही तेवढे तीन अध्याय आधी वाचा, म्हणजे स्मृतिचित्रे चौथ्यांदा वाचताना उपयोगी पडेल. मग योना. चार छोटे अध्याय. सगळ्यांना फक्त मासा माहीत असतो, खरी मजा शेवटी आहे, शत्रूचं शहर वाचलं म्हणून संदेष्टा रुसून उन्हात बसलाय आणि देव त्याला समजावतोय, आणि पुस्तक चक्क प्रश्नावर संपतं, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं, यांची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही. तुम्ही साहित्य शिकवलंय, तुम्हाला सांगायला नको असं संपवायला काय लागतं.

ओवीत कान तयार झालेला असेल तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण पण चाळा, १६१६ ला गोव्यात राशोलला छापलेलं, दहा हजारांवर ओव्या. ते बायबलचं भाषांतर नव्हे, बायबलची कथा पुराणाच्या थाटात सांगितलेली आहे, त्यामुळे अभ्यासाला मूळ पुस्तकच, पण संध्याकाळी मोठ्यानं वाचायला ते.

सोलापूरहून: सोबत फॉरवर्ड पाठवला आहे, प्रकटीकरणातल्या आकड्यांची बेरीज करून शेवटची तारीख काढली आहे. याचा अभ्यास कसा करावा?

मार्क १३:३२ वाचा आणि फॉरवर्ड डिलीट करा. त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असं लिहिलंय, तुमच्या ग्रुपवरच्या काकांना कुठून ठाऊक असणार.

संगमनेरजवळच्या एका खेड्यातून, वय ७८: बाई, डोळ्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, ऑपरेशन झालंय तरी. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवणारं बायबल लावून दिलंय पण ती बाई यंत्रासारखी वाचते आणि मला पाच मिनिटांत डुलकी लागते. आता अभ्यास वगैरे संपलाच म्हणायचा.

काका, संपला कशाला. छापखाना यायच्या आधी बहुतेक लोकांनी हे पुस्तक कानानंच घेतलंय. नहेम्या आठव्या अध्यायात एज्रा पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतोय आणि अख्खा गाव उभ्यानं ऐकतोय. त्या मोबाइलवाल्या बाईला रजा द्या आणि नातवालाच समोर बसवा, मराठी वाचता येतं ना त्याला, जेमतेम का असेना. त्याच्याकडून रूथ वाचून घ्या, रोज एक अध्याय, चार दिवसांत होईल, आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मधे थांबवून तुम्ही त्याला सांगायचं सरवा म्हणजे काय, पेंढी कशी बांधतात, खळं कसं असायचं, हुरडा कसा भाजायचा, कारण रूथला पण दुपारच्या जेवणात बवाज भाजलेलं धान्य देतो आणि ती त्यातलं सासूसाठी पदराला बांधून ठेवते, हे त्याला कोण सांगणार तुमच्याशिवाय. वही त्यानं लिहायची, डावं पान त्याचं, उजवं तुमचं. बवाजला तो पहिले दोन दिवस आवाजच वाचेल, वाचू द्या.